पोगाचार २०२६ ला पाचवी टूर जिंकेल का? माझा हिशोब

प्रश्न असा आलाय: सायकलपटू तादेय पोगाचारने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ अशा चार टूर द फ्रान्स (फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल रेस) जिंकल्यात, आता जुलै २०२६ ला पाचवी जिंकणार का, आणि आत्ता डिसेंबर २०२५ मध्ये बसून हे सांगायचं तर कशाच्या जोरावर सांगायचं. मी बरीच वर्षं रोड रेसिंग करणाऱ्या मुलामुलींचं कोचिंग करतोय, पॉवर मीटरच्या (पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र) फाइली वाचणं हेच रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी उत्तर देऊन टाकतो. माझ्या हिशोबाने तो जिंकायची शक्यता १०० पैकी ६८ च्या आसपास आहे, म्हणजे तीनात दोनदा जिंकेल आणि एकदा नाही. हे खूप जणांना कमी वाटतं, आणि का वाटतं ते कळतं मला. २०२५ चा सीझन बघितला तर हा माणूस हरतो कुठे असंच वाटतं, फ्लँडर्स आणि लिएज या एका दिवसाच्या मोठ्या रेस घेतल्या, टूर घेतली, किगालीत वर्ल्ड चॅम्पियन झाला, लगेच युरोपियन चॅम्पियन झाला आणि वर सलग पाचवी लोम्बार्दिया. माझ्याकडची पोरं म्हणतात सर ९५ टक्के लिहा बिनधास्त. पण ९५ टक्के म्हणजे वीस टूरमध्ये एकदाच हरणार असा अर्थ होतो, आणि तीन आठवड्यांच्या रेसमध्ये आजवर कुणाचंच असं झालेलं नाही, एडी मर्क्सचं पण नाही. तो १९७५ ला सहाव्या टूरला उतरला तेव्हा त्याला कोण हरवणार असंच सगळे म्हणत होते, मग पुई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने त्याच्या पोटात गुद्दा मारला, दोनच दिवसांनी प्रा लूच्या चढावर तो पार रिकामा झाला आणि थेवने पुढे निघून गेला. संपलं तिथे.

आता हिशोब कसा करतो ते सांगतो. लोक थेट रायडरकडे बघतात, त्याचे वॉट किती, फॉर्म कसा, टीम कोणती. मी आधी बघतो गतविजेता म्हणून जो येतो त्याचं साधारण होतं काय. आर्मस्ट्राँगच्या सात टूर रेकॉर्डमधून पुसल्या गेल्यात आणि तो काळच वेगळा होता, म्हणून मी २०१२ पासून मोजतो. २०१२ ला इव्हान्स गतविजेता, सातवा आला. २०१३ ला विगिन्स स्टार्टलाच नव्हता. २०१४ ला फ्रूम पाचव्या स्टेजला (स्टेज म्हणजे एका दिवसाचा टप्पा) पडून घरी गेला. २०१५ ला निबाली चौथा. २०१६ आणि २०१७ फ्रूम जिंकला. २०१८ ला फ्रूम तिसरा, २०१९ ला थॉमस दुसरा, २०२० ला बर्नालने रेस अर्धवट सोडली. २०२१ पोगाचार जिंकला, २०२२ ला तोच दुसरा. २०२३ विंगेगार्ड (पोगाचारचा मुख्य प्रतिस्पर्धी) जिंकला, २०२४ ला तो दुसरा, आणि २०२५ ला पोगाचार जिंकला. चौदा वर्षं, त्यात गतविजेता पुन्हा जिंकला पाच वेळा. म्हणजे ३६ टक्के. सुरुवात इथून करायची, मग हा रायडर त्या सरासरीपेक्षा किती वर आहे ते बघत आकडा वर न्यायचा. ९५ वरून सुरू करून खाली यायला लागलात तर कधीच पुरेसं खाली येणार नाही, हे मी लिहून देतो.

त्या हरलेल्या नऊ वेळा नीट बघा, कारण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र कालवल्या की सगळा अंदाज बिघडतो. तीन वेळा (२०१३, २०१४, २०२०) गतविजेता शेवटच्या डोंगरांपर्यंत पोचलाच नाही, दुखापत, पडझड, आजार, काहीही असो. बाकी सहा वेळा पोचला पण कुणीतरी त्याला हरवलं. म्हणून मी प्रश्नाचे दोन तुकडे करतो. पहिला, हा माणूस धडधाकट अवस्थेत शेवटच्या आठवड्यात सायकलवर असेल का? दुसरा, असला तर त्याला हरवणारा कुणी आहे का? दोन्ही आकडे वेगळे काढायचे आणि गुणायचे. पोगाचारबद्दलच्या सगळ्या गप्पा दुसऱ्या प्रश्नावरच होतात, पहिल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि टूर हातातून जाते ती बऱ्याचदा पहिल्यातच.

पहिला तुकडा घेऊ. चौदात अकरा वेळा गतविजेता शेवटपर्यंत टिकला, म्हणजे ७९ टक्के. पोगाचारचं रेकॉर्ड याहून फारच चांगलं आहे. आजवर आठ ग्रँड टूर (तीन आठवड्यांच्या मोठ्या रेस: फ्रान्सची टूर, इटलीचा जिरो, स्पेनची वुएल्ता) खेळला, २०१९ ची वुएल्ता, २०२० ते २०२५ सलग सहा टूर आणि २०२४ चा जिरो, आणि आठही वेळा पोडियमवर आला, एकदाही रेस सोडली नाही. सायकल हाताळणं कमालीचं आहे त्याचं, पडतानासुद्धा कसं पडायचं ते कळतं. २०२५ च्या स्त्रादे बियांकेमध्ये जोरात पडला, रक्तबंबाळ खांदा घेऊन उठला आणि रेस जिंकला. पण याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पण बघा, पडतो तर खरा! २०२३ च्या एप्रिलमध्ये लिएजला मनगटाचं हाड मोडलं आणि त्या वर्षीच्या टूरची तयारीच कोलमडली. २०२५ च्या टूरमध्ये तूलूजला फिनिश जवळ आलेला असताना दुसऱ्याच्या चाकाला चाक लागलं आणि आडवा झाला. त्या दिवशी विंगेगार्ड आणि बाकीचे थांबले त्याच्यासाठी, हाडबीड मोडलं नाही आणि वेळही गेला नाही. पण तोच क्षण कॉलरबोनवर गेला असता तर आज हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती. फ्रूमचं काय झालं आठवा, २०१९ च्या जूनमध्ये रोआनला टाइम ट्रायलचा (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची स्टेज) रस्ता बघायला बाहेर पडलेला, नाक शिंकरायला एक हात हँडलवरून काढला, वाऱ्याचा झोत आला आणि भिंतीवर आदळला. चार टूर जिंकलेला माणूस, पाचवी कधीच आली नाही.

म्हणून हा आकडा मी ८५ धरतो. रेकॉर्ड इतकं साफ असताना ९५ का नाही, तर आठ रेसचं रेकॉर्ड फार छोटं आहे. आठ वेळा काही झालं नाही याचा अर्थ नवव्या वेळी काही होणार नाही असा होत नाही, पेलोटॉनमध्ये, म्हणजे मुख्य घोळक्यात, पौणेदोनशे जण हँडलला हँडल लावून चाललेले असतात, त्यातला एक जण बाटली पकडायला चुकला की पाठचे वीस खाली. शिवाय हा मार्च-एप्रिलमध्ये क्लासिक्स (एका दिवसाच्या मोठ्या रेस) खेळतो, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या पाचांपैकी पॅरिस-रूबे व मिलान-सान रेमो या दोनच २०२५ अखेर त्याच्याकडे नव्हत्या त्यामुळे त्या त्याला हव्यातच. २०२५ ला रूबेच्या दगडी रस्त्यावर पहिल्यांदा उतरला आणि दुसरा आला, पण तिथेही पडलाच. विंगेगार्ड रूबेला जात नाही. अर्थात त्याचंही नशीब सांगतो, २०२४ च्या एप्रिलमध्ये बास्क रेसमध्ये उतारावर असा पडला की कॉलरबोन, बरगड्या, फुफ्फुसाला इजा, सगळंच, आणि तरी जुलैत टूरला दुसरा आला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता दुसरा तुकडा, म्हणजे धडधाकट पोगाचारला कुणी हरवू शकतं का. इथे बहुतेक लोक फायनल गॅप, म्हणजे दुसऱ्या आलेल्या विंगेगार्डशी असलेलं अंतर, बघतात, २०२५ ला ४ मिनिटं २४ सेकंद, आणि म्हणतात बघा केवढं अंतर आहे. गॅप कुठे पडला ते बघायला पाहिजे. पाचव्या स्टेजला काँची ३३ किलोमीटरची टाइम ट्रायल, तिथे विंगेगार्डने पोगाचारला १:०५ दिले, म्हणजे एक मिनिट पाच सेकंदांनी मागे पडला. बाराव्या स्टेजला ओताकामच्या चढावर २:१०. तेराव्या स्टेजला पेराग्युदच्या डोंगरी टाइम ट्रायलमध्ये ३६ सेकंद. बेरीज करा, ३:५१. म्हणजे एकवीस दिवसांतल्या तीन दिवसांतच जवळजवळ सगळं अंतर पडलं, राहिलेला अर्धा मिनिट बोनस सेकंद (स्टेजमध्ये पुढे येणाऱ्यांच्या वेळेतून वजा होणारे) आणि किरकोळ फरकांचा. आणि शेवटच्या आठवड्यात काय झालं? मों वाँतू झाला, कोल द ला लोझ झाला, ला प्लान्य झालं, एवढे मोठे डोंगर, आणि दोघांमधलं अंतर बदललं जेमतेम दहा-बारा सेकंदांनी. ला प्लान्यला तर विंगेगार्ड त्याच वेळेत पण त्याच्या पुढे आला आणि बोनसमधून दोन सेकंद मिळवले. पोगाचार त्या आठवड्यात सांभाळून चालवत होता, चेहरा थकलेला होता, आणि लीड चार मिनिटांचं असल्यावर सांभाळूनच चालवायचं असतं त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण तिसऱ्या आठवड्यात हा विंगेगार्डपेक्षा भारी आहे हे २०२५ ने सिद्ध केलं असं म्हणू नका, तसं काही झालेलं नाही.

सेकंदांचा हिशोब ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी. ७-८ टक्क्यांच्या चढावर वेग एवढा उतरतो की हवेचा अडथळा कमी उरतो आणि पुढच्याच्या मागे बसून फारसा फायदा होत नाही, सगळी लढाई गुरुत्वाकर्षणाशी, म्हणजे किलोमागे किती वॉट. अशा ४० मिनिटांच्या चढावर एक टक्का पॉवर जास्त असली तर साधारण वीस-चोवीस सेकंद मिळतात. एक टक्का म्हणजे काय, तर नीट झोप न झालेली रात्र. म्हणजे या दोघांमध्ये चढावर दहा-वीस सेकंदांचा फरक दिसला तर त्यात कोण श्रेष्ठ हे शोधण्यात अर्थ नाही, त्या दिवशी कुणाची झोप बरी झाली एवढंच ते. ओताकामचे २:१० मात्र वेगळे. तेवढा फरक एक-दोन टक्क्यांत बसत नाही, तिथे विंगेगार्डचा दिवसच गेला होता. बहुतेक ग्रँड टूर अशाच ठरतात, कुणाचा तरी एक दिवस जातो, आणि तो कुणाचा जाणार यावर सगळा खेळ.

जूनमधल्या तयारीच्या रेसवरून अंदाज बांधणाऱ्यांना एक उदाहरण देतो. २०२५ च्या दोफिनेमध्ये सतरा-एक किलोमीटरची टाइम ट्रायल होती, विंगेगार्डने पोगाचारला २८ सेकंदांनी मागे टाकलं, लगेच बातम्या की पोगाचारची टाइम ट्रायल ढेपाळली. दोन दिवसांनी काँब्लूच्या चढावर पोगाचारने त्याला मिनिटभराने हाणलं आणि रेस जिंकला. महिन्याभराने काँला त्याच दोघांत टाइम ट्रायल झाली तेव्हा १:०५ चा फरक, तोही उलट्या बाजूने. म्हणून जूनमधल्या एका दिवसाच्या निकालावर मी आकडा फार तर दोन-तीन टक्के हलवतो, त्याहून जास्त नाही.

मग त्याच्या त्या जुन्या दुखण्यांचं काय? उष्णता आणि उंची. हे आलं कुठून तर २०२२ च्या ग्रानों आणि २०२३ च्या लोझवरून. ग्रानोंची उंची २४१३ मीटर, ऐन उन्हाळ्यातली दुपार, तिथे त्याने विंगेगार्डला २:५१ दिले. पुढच्या वर्षी आधी काँब्लूच्या टाइम ट्रायलमध्ये १:३८ गेले आणि दुसऱ्याच दिवशी लोझवर ५:४५. रेडिओवर टीमला म्हणाला की मी संपलो, मेलो, तो आवाज ज्यांनी ऐकलाय ते विसरणार नाहीत. तेव्हा ही शंका रास्तच होती. पण २०२३ संपता संपता त्याने कोच बदलला, हाविएर सोला आला, उष्णतेचं ट्रेनिंग पद्धतशीर सुरू झालं. मग २०२४ ला बॉनेतचा २८०२ मीटरचा डोंगर पार करून इसोला २००० वर विंगेगार्ड आणि एवेनपुलला १:४२ ने मागे टाकलं, तेही एकोणिसाव्या स्टेजला आणि त्याच वर्षी जिरो खेळून आल्यावर. २०२५ च्या ओताकामला रणरणतं ऊन होतं, उलट विंगेगार्डच वितळला. म्हणून उंची-उष्णतेचा मुद्दा मी आता जवळजवळ सोडून दिलाय. जे अजून २०२२ चंच धरून बसलेत त्यांनी नंतरच्या दोन टूर बघितल्या नाहीत.

रस्ता मात्र २०२६ चा विचार करायला लावणारा आहे, ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला तेव्हापासून मी त्यावरच अडकलोय. ४ जुलैला बार्सिलोनात सुरुवात, पहिल्याच दिवशी टीम टाइम ट्रायल, १९-एक किलोमीटर, आणि शेवट मोंजुईकच्या टेकडीवर. त्यात टीम एकत्र चालवणार पण टाइम प्रत्येकाचा स्वतःचा धरणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोंजुईक, तिसऱ्या दिवशी पिरेनीजमध्ये लेझांगल. असे छोटे खडे चढ आणि शेवटी स्प्रिंट, हे पोगाचारचं घरचं मैदान, इथे तो सेकंद आणि बोनस गोळा करणार यात मला शंका नाही. १४ जुलैला ल लिओराँ आहे, तिथे २०२४ ला विंगेगार्डने त्याला दोघांच्या स्प्रिंटमध्ये हरवलं होतं. एकट्याची टाइम ट्रायल एकच, एव्हियाँ ते तोनों, २६ किलोमीटर, तीही शेवटच्या आठवड्यात. आणि मग २४ आणि २५ जुलैला लागोपाठ दोन दिवस आल्प द्युएझ. पहिल्या दिवशी नेहमीच्या एकवीस वळणांनी, दुसऱ्या दिवशी क्रुआ द फेर, तेलेग्राफ, गालिबिए आणि मग मागच्या बाजूने सारेन चढून वर. त्या एका दिवसात साडेपाच हजार मीटरच्या वर चढाई आहे. गालिबिए २६४२ मीटर उंच. पॅरिसच्या आदल्या दिवशी!

हे मी एवढं लांबवतोय कारण २०२५ ला गॅप पडला तो पहिल्या दोन आठवड्यांत, आणि २०२६ चा रस्ता सगळं वजन शेवटी ठेवतोय. म्हणजे पोगाचारला चार मिनिटं खिशात घालून शेवटच्या आठवड्यात यायची सोय तेवढी नाही. दीड-दोन मिनिटांच्या लीडवर गालिबिए चढायची पाळी आली, आणि त्या दिवशी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यातला थकलेला पोगाचार असला, तर? माझे १०० पैकी हरण्याचे जे आकडे आहेत त्यातले बरेचसे या एका शनिवारी आहेत.

आपल्याकडे मुंबई-पुणे रेसमध्ये बोरघाटात जो पहिला येतो त्याला घाटाचा राजा म्हणतात, आणि घाटाचा राजा पुण्याला पहिला पोचेलच असं नसतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. टूरचं पण तसंच. सगळ्यात ताकदवान माणूस घेरला तर हरतो. ग्रानोंच्या दिवशी नेमकं काय झालं ते पुन्हा बघा, बरेच जण फक्त शेवटचा चढ बघतात. त्याच्या आधी गालिबिएवर विंगेगार्ड आणि तेव्हा त्याच्याच टीममधला रॉगलिच आळीपाळीने हल्ले करत होते, एक सुटला की पोगाचार त्याच्या मागे, तो पकडला की दुसरा सुटला, प्रत्येक वेळी उत्तर हा स्वतः देत होता कारण जवळ टीमचं कुणी उरलंच नव्हतं, त्याची दोन माणसं त्या टूरमध्ये कोविडमुळे बाहेर गेली होती. त्या दुपारी किती खाल्लं किती प्यायलं याचाही हिशोब चुकला असणार, कारण असे दहा-बारा झटके दिले की ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) झपाट्याने उडतं आणि तासाला १०० ग्रॅम कार्ब पोटात ढकलले तरी ते भरून निघत नाही. पुढे ग्रानोंचे अकरा किलोमीटर, नऊ टक्क्यांच्या वर चढ. पाय गेले.

दुसरं उदाहरण तर ताजंच आहे, २०२५ च्या जिरोची विसावी स्टेज, फिनेस्त्रेचा चढ. लीडरची पिंक जर्सी देल तोरोकडे, दुसरा कारापाझ, दोघं एकमेकांकडे बघत बसले, आणि सायमन येट्स निघून गेला. वर डोंगरापलीकडे विस्माचा, म्हणजे येट्स आणि विंगेगार्डच्याच टीमचा, वाउट व्हान आर्ट आधीच्या ब्रेकमधून (आधीच पुढे सुटलेल्या छोट्या गटातून) पुढे जाऊन त्याची वाट बघत होता, दरीत त्याने येट्सला असं ओढलं की रेस तिथेच संपली. ते विस्माचं डोकं होतं, आणि तीच विस्मा २०२६ ला पोगाचारसमोर असणार आहे. २५ जुलैच्या स्टेजचा नकाशा बघितला की मला फिनेस्त्रे आठवतो, गालिबिए आणि सारेनच्या मधे खालची लांब दरी आहे, तिथे पुढे आधीच दोन माणसं पाठवून ठेवली तर पोगाचारला एकट्याने ओढायला लागेल. अर्थात त्याची टीम २०२२ सारखी लंगडी राहिलेली नाही. अल्मेदा आहे, अ‍ॅडम येट्स आहे, देल तोरो आहे, पोलिट आणि वेलेन्स सपाटीवर दिवसभर नेतील. अल्मेदाने २०२५ च्या वुएल्तात विंगेगार्डला शेवटपर्यंत झुंजवलं, अंग्लिरूवर त्याला हरवलं आणि एकूण १:१६ नेच मागे राहिला. हा माणूस पोगाचारचा मदतनीस म्हणून येणार असेल तर गालिबिएवर एकटं पडायची भीती बरीच कमी होते. पण २०२५ च्या टूरमध्ये तोसुद्धा पहिल्या आठवड्यात पडला, बरगडी मोडली आणि घरी गेला. म्हणजे फिरून पुन्हा पहिल्या तुकड्यावरच आलो.

विरोधकांबद्दल फार लिहीत नाही. विंगेगार्ड जुलैत २९ वर्षांचा असेल आणि सलग तीन आठवडे या पातळीवर टिकणारा दुसरा माणूस जगात आज तरी नाही. एवेनपुल २०२६ पासून रेड बुलच्या टीममध्ये जातोय, २०२५ ला तिसऱ्या आलेल्या लिपोविट्झच्या सोबत, टाइम ट्रायलमध्ये तो दोघांनाही हरवतो, काँला हरवलंच, पण त्याच टूरमध्ये तूर्मालेवर थांबून रेस सोडली त्याने. मोठ्या डोंगरांच्या लागोपाठ दिवसांत तो टिकतो हे त्याने दाखवेपर्यंत मी त्याला चार टक्क्यांच्या वर नेणार नाही.

वय हा मुद्दाच नाही. पोगाचार जुलैत २७ चा असेल. आंकेतील, मर्क्स, इनो, इंदुराइन या चौघांनीच पाच टूर जिंकल्यात, आणि पाचवी घेताना त्यातला सगळ्यात लहान मर्क्स २९ चा होता. मला वयापेक्षा मनाची काळजी जास्त वाटते. २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात तो दमला होता तो फक्त पायांनी नाही. लॉस एंजलिसच्या २०२८ ऑलिम्पिकनंतर थांबण्याचा विचार त्याने बोलून दाखवलाय. असा माणूस भूक नसताना जुलैत उतरला तर २-३ टक्के पॉवर तिथेच गेली, आणि ते कुठल्याच फाइलमध्ये आधी दिसत नाही. पण मग पॅरिसच्या शेवटच्या दिवशी मोंमार्त्रच्या दगडी चढावर, पाऊस पडतोय, एकूण निकालाचा वेळ आधीच फ्रीज झालाय, म्हणजे तिथे धोका पत्करायची काडीची गरज नाही, आणि हा तरी हल्ला करतोय आणि व्हान आर्टशी झुंजतोय, हे बघितलं की वाटतं की नाही, आग आहे अजून. स्टेज व्हान आर्टने जिंकली, पण त्या माणसाला रेस करायला मनापासून आवडतं हे त्या दिवशी दिसलं, आणि माझ्यासाठी ते मोठं चिन्ह आहे.

डोपिंगचं पण कुणीतरी विचारणारच. पोगाचारने २०२४ ला प्लातो द बेयच्या चढावर डोपिंगच्या काळातल्या पांतानीचा १९९८ चा वेळ तीन मिनिटांपेक्षा जास्त फरकाने मोडला म्हटल्यावर प्रश्न पडणारच, आणि या खेळाने लोकांचा विश्वास ज्या पद्धतीने तोडलाय त्यानंतर प्रश्न विचारणं चुकीचं नाही. त्याच्याविरुद्ध पॉझिटिव्ह टेस्ट नाही, पुरावा नाही. सायकली, टायर, खाणं, सगळंच १९९८ पेक्षा कितीतरी पुढे गेलंय. माझ्या आकड्यात हा मुद्दा मी धरत नाही.

तर पोचण्याचे ८५ टक्के, पोचल्यावर जिंकण्याचे ८० टक्के, गुणाकार ६८. उरलेल्या ३२ मधले १८ मी विंगेगार्डला देतो, ४ एवेनपुलला, आणि १० बाकी सगळ्यांना मिळून, ज्यात पोगाचारच्याच टीममधलं कुणीतरी येतं, म्हणजे तो स्वतः पडला आणि लीडरशिप अल्मेदाकडे किंवा देल तोरोकडे गेली तर.

तुम्हाला स्वतः हा आकडा हलवत ठेवायचा असेल तर मी काय बघणार ते सांगतो. एप्रिलअखेर तो क्लासिक्समधून हाडं शाबूत घेऊन बाहेर पडला तर ६८ चे ७२ करा. मे महिन्यात उंचीवरच्या कॅम्पमधून आजारपणाची बातमी आली तर थेट दहा कमी करा, अधिकृत निवेदनात किरकोळ सर्दी म्हटलं असलं तरी. पहिल्या दिवशी बार्सिलोनात त्याच्या टीमने विस्माला २० सेकंदांच्या वर दिले तर घाबरू नका, पण टीममधला कुठला डोंगरी माणूस मोंजुईकच्या चढावर आधीच सुटला ते लिहून ठेवा, तोच माणूस गालिबिएवर लागणार आहे. ज्यांना स्टेज रेस म्हणजे नेमकं काय असतं ते डोळ्यांनी बघायचंय त्यांनी जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर रस्त्यावर उभं राहून बघा, आपल्याकडच्या घाटांत आंतरराष्ट्रीय टीम येतायत, लीडर एकटा पडला की त्याचे खांदे कसे हलायला लागतात ते टीव्हीवर एवढं कळत नाही.

आणि जुलैत एव्हियाँची टाइम ट्रायल संपली की त्या संध्याकाळी पुन्हा हिशोब करा. पोगाचार विंगेगार्डच्या तीन मिनिटं पुढे असला तर मी ९२ म्हणेन. दीड मिनिट पुढे असला आणि अल्मेदा, अ‍ॅडम येट्स दोघं रेसमध्ये असले तर ८०. मिनिटापेक्षा कमी असला आणि डोंगरातली दोन माणसं घरी गेलेली असली तर ५५, आणि मग २५ तारखेला सकाळपासूनच टीव्हीसमोर बसा, कारण विस्माची माणसं क्रुआ द फेरच्या आधीच ब्रेकमध्ये जायला धडपडणार.